मालवणात पहिल्यांदा मासे खायला जाणाऱ्यांसाठी

घाटावरून मालवणला निघालेल्या बहुतेकांचं गाडीतच ठरून गेलेलं असतं: सुरमई, नाहीतर पापलेट. हॉटेलात बसल्या बसल्या तेच मागवायचं, किल्ला बघायचा आणि दुसऱ्या दिवशी गोव्याची वाट धरायची. या दोन्ही माशांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण मालवणचं जेवण तेवढ्यात उरकलं तर खूप काही राहून जातं. इथल्या घरात मासा आदल्या दिवशी ठरत नाही. सकाळी बंदरावर काय लागलं ते कळतं, त्यावरून मासा ठरतो, माशावरून वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, ठरतं आणि वाटपावरून भात की भाकरी ते ठरतं. पाहुण्यानेही याच क्रमाने जावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. खाली जे लिहिलंय ते त्यासाठी लागणारं सामान आहे: कधी जायचं, काय विचारायचं, काय मागवायचं आणि काट्यांचा बांगडा हाताने कसा खायचा.

आधी कॅलेंडर बघा

पावसाळ्यात साधारण 1 जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जून आणि जुलै हे दोन महिने तर धरूनच चाला. नेमक्या तारखा सरकार दरवर्षी जाहीर करतं. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा विणीचा काळही हाच असतो. या दिवसांत मालवणात मासा अजिबात मिळत नाही असं नाही. खाडीतले मासे येतात, छोट्या होड्या जवळपास जाळी टाकतात, सुकी मासळी तर घरोघरी असते. पण या काळात कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणून ताट पुढे केलं तर ती बर्फातली किंवा बाहेरून आलेली असण्याची शक्यता जास्त. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने हे दोन महिने सोडलेलेच बरे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पारंपरिक मच्छीमारांचा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरला, समुद्र निवळला की बांगडा येऊ लागतो आणि ऑक्टोबरपासून थंडीपर्यंतचे महिने मासे खाणाऱ्यासाठी सगळ्यात चांगले. मे महिन्यातही मासे मिळतात, पण गर्दी इतकी असते की स्वयंपाकघराला दम घ्यायला वेळ नसतो.

वारही बघा. सोमवारी बऱ्याच घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं. संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि गणपतीचे दिवस यांचंही तसंच. गणपतीत तर अख्खं कोकण आपापल्या घरी असतं, तेव्हा घरगुती खानावळी बंद मिळाल्या तर नवल नको. मोठ्या हॉटेलांत सगळे दिवस मासे मिळतात, पण ज्या दिवशी गावच मासे खात नाही त्या दिवशी बाजारातली आवक आणि निवड दोन्ही कमी असते. जमलं तर मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवार धरा.

आणखी एक गोष्ट म्हणजे हवा. वादळाचा इशारा असला किंवा जोराचा वारा सुटला की बोटी बाहेर पडत नाहीत. अशा दोन-तीन दिवसांनंतर पोचलात तर हट्ट न धरता तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) किंवा खाडीतला मासा मागवा.

जेवणाआधी बंदरावर एक फेरी

ही पायरी लोक सर्रास टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. मुक्कामाच्या ठिकाणी विचारा की आज बोटी किती वाजता लागणार. ही वेळ वारा आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलते, त्यामुळे कागदावर लिहून ठेवण्यात अर्थ नाही. बंदरावर किंवा बाजारातल्या मासळी मार्केटात अर्धा तास नुसतं फिरा. कुठल्या माशाचे ढीग आहेत आणि कुठले मासे चार-दोनच आहेत एवढं बघितलं तरी दुपारी काय मागवायचं ते आपोआप कळतं. पाटीभर बांगडा चमकतोय आणि सुरमई दोनच आहेत, तर त्या दिवशी बांगडाच.

ताज्या माशाची पारख अवघड नाही. डोळे भरलेले आणि चकचकीत हवेत. आत गेलेले, दुधाळ झालेले नकोत. कल्ला उचलून दाखवायला सांगा: आत लाल असला पाहिजे, तपकिरी किंवा करडा नाही. अंगावर बोट दाबलं की पडलेला खळगा लगेच भरून यावा. वास समुद्राचा यावा. नाकाला झोंबणारा वास आला तर पुढे चला. बांगड्याच्या पाठीवरचा हिरवा-निळा रंग आणि त्यावरच्या काळ्या रेषा ताज्या माशात ठसठशीत दिसतात, शिळ्यात फिकट होतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या घट्ट मिटलेल्या हव्यात. कुर्ली हातात घेतल्यावर तिच्या आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. अमावास्येच्या आसपासची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असं इथली माणसं सांगतात आणि त्या हिशेबानेच खरेदी करतात.

विकायला बसलेल्या बायका मासे विकण्याच्या घाईत असतात. तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढू नका; ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढं विचारलं तर बहुतेक जणी हो म्हणतात. छोटा मासा वाट्यावर विकतात, किलोवर नाही. घ्यायचं नसेल तर उगाच हाताळू नका आणि दर पाडून मागून मग निघून जाऊ नका. विचारावंसं वाटलं तर ‘आज काय गावला?’ हा प्रश्न पुरेसा आहे. त्याचं उत्तर म्हणजे तुमच्या दुपारच्या जेवणाचं मेनूकार्ड.

नशीब चांगलं असेल तर चिवला किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला मिळेल. होडी जाळं घेऊन समुद्रात शिरते, अर्धगोल वळण घेत जाळं सोडत जाते आणि लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ओढायला लागतात. सगळ्यात मागे असलेला माणूस दोर सोडून पुढे पाण्याच्या कडेला जातो आणि पुन्हा धरतो, असं ते चक्र चालू राहतं. दोन रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात आणि शेवटी जाळ्याचा फुगलेला भाग वाळूवर चढतो. आधी पाणी निथळल्याचा आवाज, मग चांदीसारखी एकच तडफड. हात लावू का असं विचारलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि ओढायला मदत करणाऱ्याच्या हातावर चार मासे ठेवायची रीतही आहे. इंजिनाच्या बोटी आणि प्रखर दिव्यांवर होणारी मासेमारी यांच्यापुढे रापणीला मिळणारा मासा कमी झाला आहे. या किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडतो आहे. रापणीचा मासा विकत घ्यायची संधी मिळाली तर जरूर घ्या.

कुठे जेवायचं

मालवणात ढोबळमानाने तीन प्रकारची ठिकाणं आहेत: बाजारपेठेतली खानावळवजा हॉटेलं, किनाऱ्यावरची पर्यटकांसाठीची मोठी हॉटेलं, आणि तारकर्ली-देवबागकडे घरातच राहायची-जेवायची सोय करणारी कुटुंबं. पहिल्यांदा जाणाऱ्याने एक जेवण बाजारपेठेत आणि एक घरगुती ठिकाणी घ्यावं.

घरगुती ठिकाणी एक पथ्य पाळायचं: सकाळी नाश्त्याच्या वेळेलाच सांगून ठेवायचं. किती माणसं, त्यात लहान मुलं किती, तिखट कितपत चालतं, कुणी शाकाहारी आहे का. घरातली काकू किंवा वहिनी त्या हिशेबानेच बाजाराला माणूस पाठवते. दुपारी एक वाजता अचानक ‘आम्ही सहा जण आहोत’ म्हटलं तर दोष तिचा नाही. ‘मासा कोणता आणू?’ असं तिने विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘तुम्ही आज घरी जो खाल तोच.’

हॉटेल निवडताना बाहेरच्या फलकापेक्षा आत जेवणारी माणसं बघा. गावातली माणसं, बँकेतले-कचेरीतले लोक दुपारी जिथे जेवतात तिथे मासा फिरता असतो, पडून राहत नाही. बारा-साडेबाराला पोचलात तर निवडीला वाव असतो. तीननंतर उरलेलं मिळतं. मेनूकार्डावर पन्नास प्रकार असण्यापेक्षा फळ्यावर खडूने लिहिलेले पाच मासे बरे.

मागवताना काय विचारायचं

बसल्यावर पहिला प्रश्न: ‘आज ताजं काय आहे?’ दुसरा: ‘आजचा की कालचा, बर्फातला?’ बर्फातला म्हणजे वाईट असं मुळीच नाही. बोटीवरच नीट बर्फात घातलेला कालचा मासा, उन्हात चार तास पडलेल्या आजच्या माशापेक्षा कधीही चांगला. प्रश्न विचारण्याचा उद्देश एवढाच की समोरच्याला कळतं, या माणसाला फरक कळतो.

तिसरा प्रश्न दराचा, आणि तो न लाजता विचारायचा. थाळीचा दर माशाप्रमाणे ठरतो: बांगड्याची थाळी सगळ्यात स्वस्त, सुरमई-पापलेटची महाग. कार्डावर ‘आकाराप्रमाणे’ किंवा ‘बाजारभावाप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल, विशेषतः मोठं पापलेट, शेवंड (लॉबस्टर) आणि कुर्ल्यांपुढे, तर मासा आणून दाखवायला सांगा आणि त्याच माशाचा दर ठरवून घ्या. आधी ठरलं की जेवण झाल्यावर कटकट होत नाही. तळलेली तुकडी किती, सोलकढी थाळीत आहे की वेगळी, कढी (इथे कढी म्हणजे माशाचं कालवण) आणि भात पुन्हा वाढतात का, हेही तेव्हाच विचारा. पुष्कळ ठिकाणी कढी आणि भात पुन्हा मिळतो, तळलेला मासा मात्र मोजूनच.

‘बिनकाट्याचा मासा द्या’ असं मात्र म्हणू नका. पांढऱ्या, बिनचवीच्या बिनकाट्याच्या तुकड्या बऱ्याचदा बाहेरून आलेल्या गोठवलेल्या बासाच्या असतात, आणि बासा खायला समुद्रापर्यंत यायची गरज नाही.

पहिल्या ताटासाठी कोणता मासा

काट्यांची भीती असलेल्याने सुरमईपासून सुरुवात करावी. इथे तिला इसवण असंही म्हणतात. गोल तुकडीच्या मधोमध मणका असतो, त्याच्याभोवती मांसाचे चार भाग सुटून येतात आणि काटे मोठे, दिसणारे असतात. पापलेट त्याहून मऊ. सप्टेंबर 2023 मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं. हलवा, म्हणजे सरंगा, यालाही काटे कमी आणि चव भरपूर. सुरमईएवढा त्याचा गाजावाजा नाही, पण कढीत तो मला जास्त आवडतो. मुलांना किंवा नाजूक पोटाच्या माणसाला मुडदुशे द्या: हलका आणि गोडसर मासा. मोरी म्हणजे छोटा शार्क. तिला हाडाचे काटेच नसतात, आत कूर्चा असते, आणि ती मटणासारखं वाटप लावून शिजवतात.

आता बांगडा. स्वस्त असल्यामुळे पर्यटक त्याला दुय्यम समजतात. पण ताजा बांगडा तेलकट, रसरशीत आणि स्वतःच्या चवीचा मासा आहे, आणि मालवणी मसाल्याला पुरून उरतो. तिरफळ घालून केलेली त्याची कढी किंवा जाडसर अंगाबरोबरचा तिखला हे पदार्थ मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत क्वचितच नीट मिळतात, कारण ताजेपणा गेला की बांगड्याची मजा गेली. म्हणून दोन जेवणं मिळणार असतील तर पहिलं सुरमईचं आणि दुसरं बांगड्याचं करा. तीन मिळणार असतील तर तिसऱ्याला पेडवे, म्हणजे तारलीच्या भाऊबंदांतले छोटे मासे. करली चवीला उत्तम, पण तिच्यात बारीक काटे इतके असतात की सवय नसलेल्याने पहिल्या सहलीत तिच्या वाटेला जाऊ नये.

बाजारात हाताच्या बोटाएवढी पापलेटं किंवा छोट्या सुरमई दिसल्या तर घेऊ नका आणि हॉटेलातही मागवू नका. एकदाही अंडी न घातलेली ती पिल्लं असतात. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, तो याच कारणाने. पोटाखाली अंडी असलेली कुर्ली किंवा शेवंडही परत पाठवा.

ताट समोर आल्यावर

ताटात साधारण हे असतं: तळलेला मासा, वाटीत माशाची कढी, कधी एखादं सुकं, म्हणजे कोळंबीचं किंवा तिसऱ्यांचं, भाकरी किंवा चपाती, भात, लोणचं-कांदा-लिंबू आणि सोलकढी. आधी तळलेला मासा खा. रव्याचं किंवा तांदळाच्या पिठाचं आवरण गरम असतानाच कुरकुरीत असतं, थंड झालं की लोळागोळा होतो. लिंबू लगेच सगळ्यावर पिळू नका, एका घासापुरतंच पिळा.

भाकरीबरोबर सुकं, भाताबरोबर कढी, हा साधा नेम. मालवणात भात पुष्कळदा उकड्या तांदळाचा असतो. दाणा जाड आणि रंग थोडा लालसर दिसला म्हणून कच्चा समजू नका. माशाची कढी त्याच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच भातावर खुलत नाही. वडे मिळाले तर एखादा घ्या, पण त्यांची खरी जोडी कोंबडीशी.

चमचे-काटे बाजूला ठेवा. माशाचा काटा आधी बोटांना लागतो आणि मग तोंडात जात नाही. चमच्याने खाणाऱ्याला तो घशातच कळतो. तळलेला अख्खा बांगडा असा खायचा: मासा आडवा ठेवा, शेपूट उजवीकडे. अंगावर मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पुसट रेघ असते, त्या रेघेवर अंगठ्याने दाबत न्या. रेघेच्या वरचा, पाठीकडचा भाग लांबट तुकड्यात सुटून येतो. त्यात काटे जवळपास नसतात, फक्त पाठीच्या कडेचे परांचे बारीक काटे काढून टाकायचे. मग रेघेच्या खालचा, पोटाकडचा भाग. तिथे बरगड्यांचे वाकडे काटे असतात, म्हणून तो बोटांनी थोडा थोडा करून चाचपून खा. पोटाच्या आतला काळपट पापुद्रा कडवट लागला तर सोडून द्या. आता मणका उघडा पडला. शेपूट चिमटीत धरून हळूच वर उचला, सगळा सांगाडा डोक्यासकट अलगद निघतो आणि खालची बाजू काट्यांशिवाय समोर राहते. मासा नीट शिजलेला असेल तर हे सगळं एका झटक्यात होतं. सांगाडा मांसाला चिकटून राहत असेल तर आतून कच्चा आहे, परत पाठवायला संकोच करू नका.

पेडव्यांचं तंत्र वेगळं. शेपूट धरायची, दातांनी दोन्ही बाजूंचं मांस ओढून घ्यायचं आणि काटा ताटाच्या कडेला ठेवायचा. कढीतल्या माशाला मात्र घाई नको. तुकडी भातावर घ्या, काटे काढून बाजूला करा, मगच भात कालवा. एकदा कालवला की काटा सापडत नाही. मुलांचा भात मोठ्यांनीच कालवून द्यावा.

कढीत मिरीएवढी, तडकलेली, खरबरीत फळं दिसतील. ते तिरफळ. वासासाठी असतं, चावायचं नसतं. चुकून चावलंच तर जीभ थोडा वेळ झिणझिणते, काळजीचं काही नाही. ताटाच्या कडेला काढून ठेवा.

तिसऱ्या आणि कुर्ल्या

तिसऱ्यांचं सुकं आलं तर एकेक शिंपली उचलून ओठाला लावा आणि मसाल्यासकट आतला गर ओढून घ्या. पुष्कळ ठिकाणी एकशिपी करतात, म्हणजे दोन शिंपल्यांतली एक काढून टाकलेली असते आणि खाणं सोपं होतं. शिजूनही न उघडलेली शिंपली ओढाताण करून उघडू नका, सोडून द्या. दातांखाली वाळू कचकचली तर धुण्यात कसर राहिलीय, हे सांगायला हरकत नाही. चांगल्या घरी तिसऱ्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू ओकायला लावतात. शिंपल्यातले जीव आजूबाजूचं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाणी गढूळ असताना किंवा गटाराजवळच्या खाडीतल्या तिसऱ्या नकोत. कर्ली आणि कालावल खाडीकडच्या बायका ओहोटीला उन्हात वाकून एकेक तिसरी वेचतात. दर जास्त वाटला तर ती मेहनत आठवावी.

कुर्लीला वेळ लागतो, म्हणून ती गप्पांच्या जेवणाला. आधी नांग्या फोडा. मांस तिथेच सगळ्यात गोड. हॉटेलात फोडायला काही दिलं नाही तर मागून घ्या, दाढेने फोडायला जाऊ नका. अंग मधून मोडून खाचांतलं मांस काढायचं. बाजूला करड्या, पिसांसारख्या पट्ट्या दिसतात ते कल्ले, खायचे नाहीत. कुर्लीची कढी चांगली लागते त्यामागे एक युक्ती आहे: बारीक पाय वाटून, गाळून त्यांचा रस कढीत घालतात. ज्या ठिकाणी हे करतात तिथली कढी पहिल्या घासाला ओळखू येते.

तिखट लागलं तर

मालवणी कढीचं वाटप आधीच झालेलं असतं, त्यामुळे ‘तिखट कमी करा’ ऐनवेळी सांगून उपयोग नाही. सकाळी सांगितलं तर होतं. तोंड पोळल्यावर पाणी प्यायलं तर आग पसरते. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणूनच सोलकढी. नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा. अधूनमधून घोट घ्या, अर्धी वाटी शेवटच्या भातासाठी ठेवा. चांगली सोलकढी फिकट गुलाबी, किंचित दाटसर आणि आंबट-खारट असते. भडक गुलाबी आणि पाणचट दिसली तर त्यात रंगच जास्त असण्याची शक्यता. ती फार वेळ उघड्यावर टिकत नाही, म्हणून वास आंबूस वाटला तर नको म्हणा.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर त्याची उपासमार होत नाही. काळ्या वाटाण्याची आमटी आणि ओल्या काजूची उसळ हे इथलेच, मन लावून केले जाणारे पदार्थ आहेत. तळण्याचं तेल आणि कढीचा डाव वेगळा ठेवायला मात्र आधीच सांगा.

तब्येतीसाठी

कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच खाणार असाल तर पहिल्या दिवशी थोड्याच खा आणि एका वेळी एकच प्रकार घ्या. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यांतलं काही झालं तर वाट न बघता डॉक्टरकडे जा, रुग्णवाहिकेसाठी 108.

बांगडा, कुप्पा (ट्यूना) यांसारखे लाल मांसाचे मासे उन्हात पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. घास घेताच जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरली आणि तिरफळ तर चावलेलं नाही, तर मासा तिथेच थांबवा. चेहरा लाल होणं, खाज, डोकं ठणकणं ही पुढची लक्षणं. ताज्या माशाचा एवढा आग्रह धरायचा तो निव्वळ चवीसाठी नाही, यासाठीही.

काटा घशात अडकला तर आपल्याकडे लगेच भाताचा गोळा किंवा केळं गिळायला सांगतात. तसं करू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. खाणं थांबवा, थोडं पाणी प्या, हलकं खोका. टोचणं राहिलं तर दवाखान्यात दाखवा.

निघण्याच्या दिवशी

सुकी मासळी न्यायची असेल तर ती बाजारातून आदल्या दिवशी घ्या, म्हणजे घाईत खराब माल गळ्यात पडत नाही. सुका बांगडा हातात वाकवून बघा: कडक हवा, ओलसर किंवा चिकट नको. जवळा मुठीत घेऊन सोडला तर मोकळा सुटला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी, कडक उन्हात वाळलेली मासळी सगळ्यात टिकाऊ. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. एसटीत किंवा रेल्वेत शेजारी बसलेल्या माणसाचा विचार करायला हवा. घरी गेल्यावर एक दिवस पुन्हा ऊन दाखवा आणि डबा कोरड्या जागी ठेवा. आगळाची बाटली घेतलीत तर झाकणावर चिकटपट्टी लावा, कारण त्याचा डाग कपड्यांवरून सहज जात नाही. ताजा मासा मात्र नेऊ नका, अगदीच जवळ जायचं नसेल तर. बर्फात भरून दिला तरी कुडाळ स्टेशन गाठून पुढे रात्रभर प्रवास करायचा, म्हणजे वाटेत बर्फ वितळणारच.